सत्तावीस नंबरचं वाक्य

दहावीच्या वर्गातल्या एका मुलीचं नाव पटावरून कमी होऊ नये, एवढ्यासाठी मी एक खोटं पत्र लिहिलं, त्यावर शाळेचा शिक्का घेतला आणि ते एका ठेकेदाराच्या हातात दिलं. तेव्हा मला गणित शिकवायला लागून बावीस वर्षं झाली होती. एका मार्काची बेरीज चुकलेली घरी आल्यावर आठवली, तर सायकल काढून परत शाळेत जाणारा माणूस मी. म्हणून हे क्रमानं लिहितो. जे मी पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहीन, आणि जे नुसतं वाटलं ते वाटलं म्हणून.

राज्य नवं झालं होतं, त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. रायपूर राजधानी झालं होतं. रस्ते रुंद होत होते, गाड्यांच्या नंबरांची आद्याक्षरं बदलली होती, बोर्डही बदललं होतं. त्याबरोबर शिक्षकांची प्रशिक्षणं सुरू झाली. आमची शाळा हिंदी माध्यमाची, संस्था मात्र मराठी माणसांची. शनिवारचा शेवटचा तास 'सामाजिक चर्चा' म्हणून नवीन आला होता. तो घ्यायला कोणी तयार होईना, तेव्हा वेळापत्रकात माझ्याकडे एक तास कमी होता म्हणून तो मला मिळाला.

पहिल्या शनिवारी मी विषय दिला : रस्ता रुंद करायला भाजीवाल्या बाया उठवल्या, ते बरोबर की चूक? वर्गात अडतीस मुलं. बोलली पाच. त्यातली तिघं सकाळच्या पेपरात होतं तेच बोलली. मी वहीत लिहून ठेवलं : अडतीसातून पाच.

प्रशिक्षणात बाहेरून आलेल्या एका बाईंनी आम्हाला एक पद्धत शिकवली होती. चर्चा एकदम सुरू करायची नाही. आधी काहीतरी समोर ठेवायचं आणि तीन प्रश्न ओळीनं विचारायचे. काय दिसतं? त्यावरून काय वाटतं? अजून काय विचारावंसं वाटतं? कोणी काही मत दिलं, की त्याला चूक-बरोबर म्हणायचं नाही, 'कशावरून म्हणतोस?' एवढंच विचारायचं. आणि शेवटी प्रत्येकानं चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या : आधी मला असं वाटायचं, आता मला असं वाटतं. मला हे सगळं पोरखेळ वाटलं होतं. पण दुसऱ्या शनिवारी करून पाहिलं आणि चोवीस मुलं बोलली. तिसऱ्या शनिवारी एकोणतीस. मी गणिताच्या तासाला असा आकडा कधी पाहिला नव्हता.

बाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली होती : चिठ्ठीवर नाव नको, म्हणजे मुलं मोकळं लिहितात. ते मला पटलं. पण निनावी चिठ्ठी मोजायची कशी? कोणी लिहिली नाही, कोणी दोनदा लिहिली, कोणाचं मत किती शनिवारांनी बदललं, हे कळणार कसं? म्हणून मी नावाऐवजी कोपऱ्यात रोल नंबर आणि पारा लिहायला सांगितला. पारा म्हणजे इथल्या बोलीत मोहल्ला. नंबर म्हणजे काही नाव नव्हे, अशी माझी समजूत होती. बाईंनी जे टाळायला सांगितलं ते मी टाळलं आणि हिशेबही राखला, याचं मला समाधानच वाटलं.

डिसेंबरात मी काळ्या धुळीचा विषय घेतला. शहराबाहेर उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने वाढत होते आणि गच्चीवर वाळत घातलेले पापडसुद्धा काळे होत होते. गोल बाजारातून मांजरपाट आणला, हातरुमालाएवढे अडतीस तुकडे केले, प्रत्येकावर नंबर टाकला. शुक्रवारी संध्याकाळी गच्चीवर किंवा छपरावर विटा ठेवून पसरायचा, शनिवारी सकाळी घडी करून आणायचा.

शनिवारी तुकडे फळ्याखाली ओळीनं मांडले. कारखान्यांना लागून असलेल्या बीरगावच्या नऊ मुलांचे तुकडे सगळ्यात काळे. त्यातला एक तर इतका काळा, की मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, इसने छत पे नहीं, ट्रक के साइलेंसर पे बिछाया था!"

वर्ग हसला. समता कॉलनीतल्या एका मुलीचा तुकडा जवळजवळ पांढरा होता. तिला त्याच मुलानं टोमणा मारला, "इनके यहाँ तो धूल भी परमिशन ले के आती है."

"काय दिसतं, तेवढंच सांगा," मी म्हणालो.

सत्तावीस नंबरची मुलगी उठली. बीरगावहून टेम्पोनं यायची. घरी मराठी, गोंदियाकडचे लोक. मराठी सगळं समजायचं, पण शाळेत उत्तर हिंदीतच. वर्षभरात ती आपण होऊन कधी उठली नव्हती.

"सर, ये चमकती है. सड़क की धूल नहीं चमकती."

"किस बात से कह रही हो?"

"पप्पा की कमीज़ झाड़ो तो यही चमकती है. मैं ही धोती हूँ न."

मी प्रयोगशाळेतून लोहचुंबक मागवलं. तुकड्यावरून फिरवलं, तर धूळ उभ्या केसांसारखी त्याला चिकटली. रस्त्याकाठची माती आणून तिच्यावर फिरवलं; अगदी थोडी चिकटली. वर्गात असा आवाज झाला, की शेजारच्या वर्गातल्या मॅडम दारात येऊन पाहून गेल्या. त्या दिवशी सदतीस मुलं बोलली. अडतिसाव्याचा घसा बसला होता.

तिच्या चिठ्ठीवर दोन ओळी होत्या : 'पहले मुझे लगता था काली धूल सड़क से आती है. अब लगता है पप्पा की भट्ठी से आती है.'

खाली तिसरी ओळ, मी न मागितलेली : 'पप्पा को भी मालूम है क्या?'

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. पाहिलं, ताडून पाहिलं, मत बदललं आणि पुढचा प्रश्न विचारला. ही पद्धत ज्यासाठी होती ते सगळं त्या तीन ओळींत होतं.

पुढच्या शनिवारी शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी वर्गातल्या भिंतीवर एक मोठा तक्ता केला. पाऱ्यावार रकाने, प्रत्येक रकान्यात मुलांचे तुकडे आणि खाली त्यांच्या चिठ्ठ्या. सत्तावीस नंबरची चिठ्ठी मधोमध लावली. पाहुणे म्हणून उरल्याच्याच एका कारखान्याचे मॅनेजर आले होते. त्या वर्षी शाळेला पंखे त्यांनी दिले होते. ते हात पाठीमागे बांधून सगळ्या चिठ्ठ्या सावकाश वाचत गेले. मधोमध थांबले.

"बहुत बढ़िया लिखा है. ये सत्ताईस नंबर कौन है, सर?"

मी वही उघडली. मला आठवत होतं, तरी उघडली. माझी वही किती व्यवस्थित आहे हे त्यांना दिसावं म्हणून. नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, वडील कुठे असतात? मी तेही वहीतून वाचलं, कारखान्याच्या नावासकट, भट्टीवर, ठेक्यावर. त्यांनी मान हलवली. मी मुलीला बोलावून त्यांच्यासमोर उभं केलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खिशातलं पेन दिलं आणि ते पुढच्या वर्गात गेले.

त्यांनी कोणाला काही सांगितलं की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या मनात वाईट होतं असंही मी म्हणत नाही. जेवताना हसत हसत सांगितलं असेल, कोणी ऐकलं असेल. मला माहीत आहे ते एवढंच : तो शनिवार होता, आणि मंगळवारी सकाळी ठेकेदारानं तिच्या वडिलांना गेटवरूनच परत पाठवलं.

मुलगी बुधवारी आली नाही. गुरुवारी आली नाही. तिच्यासोबत टेम्पोनं येणारी मैत्रीण म्हणाली, "सर, वो लोग गाँव जा रहे हैं. उसके पप्पा को निकाल दिया." मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "चिट्ठी की वजह से."

शाळा सुटल्यावर मी बीरगावला गेलो. दोन खोल्यांचं घर. एका खोलीत पोतं बांधून ठेवलेलं, त्यातून कढईचा कान बाहेर आलेला. वडील दारातच उठून उभे राहिले. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतील. हात-पाय धुतलेले होते, पण नखांच्या कडांना ती चमक होतीच.

"या सर, बसा. चाय ठेव वं," त्यांनी बायकोला सांगितलं. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, "चूक माझी झाली. तुमचं नाव मी सांगितलं."

"नाव तं सर, गेटच्या रजिस्टरमंदी बी हाय. पण ठेकेदार म्हणते, ज्या भट्टीचं खाता तिलेच तुमची पोट्टी शिव्या देऊन राहिली."

"तिनं शिव्या नाही दिल्या. तिनं जे पाहिलं ते लिहिलं."

"खरं लिवलं का खोटं लिवलं, मले त्याच्याशी काय करा लागते, सर? मले सकाळी गेटवर उभं राहा लागते."

ते सोमवारी गावी जाणार होते, भावाच्या घरी. मी म्हणालो, दहावीचा फॉर्म भरलेला आहे, मार्चात परीक्षा आहे. तिकडे बोर्ड वेगळं, राज्यच वेगळं, वर्ष जाईल. ते म्हणाले, जाईल तं जाईल. मी विचारलं, पुढल्या वर्षी बसवाल? तिची आई आतून म्हणाली, "पुढल्या वर्षी तिचे काका काय तिले शाळंत धाडतीन, सर? त्यायनं दोन ठिकाणी सोयरिकीचं बोलून बी ठेवलं."

मी म्हणालो, तिला परीक्षेपर्यंत माझ्या घरी राहू द्या. मला दोन्ही मुलीच आहेत, बायको आहे. वडिलांनी जमिनीकडे पाहिलं. "वाईट नका मानू. पण जवान पोट्टी दुसऱ्याच्या घरी ठिवून गेलो, तं गावात मी काय तोंड दाखवू?"

मग त्यांनी मला ते सांगितलं. ठेकेदार म्हणाला होता, पोट्टीकडून लिहून आण, की मी चुकीचं लिहिलं. शाळेचा शिक्का पाहिजे. मग बघतो.

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी पिशवीतून कोरा कागद काढला. खरं सांगतो, काढताना हात थांबला नाही. मला एकच गोष्ट दिसत होती, पटावरचं तिचं नाव. कागद तिच्यापुढे ठेवला. पेन दिलं.

ती खाली बसली. पेन उघडलं. म्हणाली, "सर, कौन सा वाला लिखूँ? पहले वाला कि अब वाला?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. दोन्ही ओळी मीच शिकवल्या होत्या आणि आता त्यांतली कुठली हवी आहे ते मीच सांगायला हवं होतं.

"सर सांगतीन ते लिव न वं!" वडील ओरडले.

मी कागद परत घेतला. म्हटलं, हिच्याकडून नको. मी लिहून आणतो.

घरी जेवायला बसलो. बायकोला सगळं सांगितलं. ती वाढता वाढता थांबली.

"तुमाले किती वेळा सांगितलं, घरात बी तुम्ही डब्यांवर नंबर टाकून राहिले. लोकायच्या लेकरांवर कशाले टाकता?"

"मी नाव टाळलं होतं."

"आणि मग वाचून दाखवलं. काहून? शाबासकी पाहिजे होती न?"

 ती बरोबर बोलत होती. तिनं ताट उचललं आणि म्हणाली, "आता काय लिहिता ते नीट लिहा. तिचं नुकसान होऊ नये. तुमचं होईल ते होऊ द्या."

पत्र चार वेळा लिहिलं. शेवटचं असं होतं : सदर वाक्य विद्यार्थिनीचं नाही. ते मी उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिलं होतं आणि तिनं अर्थ न समजता उतरवून घेतलं. तिच्या वडिलांचा किंवा कारखान्याचा त्याच्याशी संबंध नाही. खाली माझी सही. तोवर कुठल्याही निकालपत्रकावर, कुठल्याही हजेरीवर मी चुकीची सही केलेली नव्हती. मला वाटायचं, हा मोठेपणा नाही, नुसती सवय आहे. त्या दिवशी कळलं, की सवय मोडायला एक ओळ पुरते.

शुक्रवारी सकाळी प्राचार्यांकडे गेलो. ते वाचून म्हणाले, "हे खरं आहे?"

"नाही."

"मग मी शिक्का कशाला मारू?"

"नाव कमी करायचा अर्ज सोमवारी येईल म्हणून."

त्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग शिक्का मारला. अट घातली : शनिवारचा तास बंद, तक्ता, तुकडे, चिठ्ठ्या ऑफिसात जमा. मी हो म्हटलं. दुपारी तक्ता उतरवला. मुलं बाकांवर बसून पाहत होती. कोणी काही विचारलं नाही.

शनिवारी सकाळी कारखान्याच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर ठेकेदाराला भेटलो. मुलीचे वडील होते आणि त्यांच्यामागे मुलगी. ठेकेदारानं तिलाही आणायला सांगितलं होतं, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी गेलो नसतो, असं म्हणवत नाही. गेलो असतोच.

ठेकेदारानं पत्र वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. तो चिडलेला नव्हता, त्याला मजा वाटत होती.

"मतलब मास्टर साहब, लड़की ने अपने दिमाग़ से नहीं लिखा?"

"नहीं."

"आपने बोर्ड पे लिखा, इसने उतार दिया?"

"हव."

"समझती भी नहीं थी क्या लिख रही है?"

वडील माझ्याकडे पाहत होते. मुलगी ट्रकांकडे पाहत होती. मी म्हणालो, "नहीं. इतनी समझ नहीं है अभी."

"तो फिर दसवीं में कैसे बैठी है?" तो हसला, टपरीवरचे दोघं हसले. मग त्यानं मुलीला पुढे बोलावलं. "बोल बेटा. तूने लिखा, कि सर ने लिखवाया?"

ती माझ्याकडे वळली. वर्गात उत्तर देण्याआधी मुलं पाहतात तसं नाही. ती फक्त पाहत होती, मी अजून काही बोलतो का ते. मी बोललो नाही.

"सर ने बोर्ड पर लिखा था," ती म्हणाली. "मैंने देख के उतारा."

ठेकेदारानं पत्राची घडी करून खिशात घातली. वडिलांना म्हणाला, भट्टीवर आता जागा नाही, दुसरा माणूस लावलाय. भंगार उतरवायला ये सोमवारपासून. वडिलांनी त्याला हात जोडले. मग मला जोडले. मला ते हात खाली करायला सांगायचं होतं.

सोमवारी मुलगी शाळेत आली. मी हजेरी घेतली, तिनं "यस सर" म्हटलं आणि मी तिच्या नावापुढे खूण केली. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. जानेवारीत तिचा एकही दिवस चुकला नाही. फेब्रुवारीत एक, तापानं.

शनिवारचा तास मी आता गणिताला घेत होतो. दहावीला भूमिती कच्ची होती. एकदा मीच एका प्रमेयावर थांबून, सवयीनं, "कशावरून?" असं वर्गाला विचारलं. अडतीस मुलं वह्यांकडे पाहत राहिली. मागचा तो साइलेंसरवाला मुलगासुद्धा. मी घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं कोणी बोललं नाही. मग उत्तर मीच फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांनी ते उतरवून घेतलं.

सराव परीक्षेचे पेपर तपासताना सत्तावीस नंबरचा पेपर हातात आला. भूमितीच्या सिद्धतेत डावीकडे विधानं लिहितात आणि उजवीकडे, प्रत्येक विधानासमोर, कारण. तिची सगळी विधानं बरोबर होती, ओळीनं, एकही पायरी सुटलेली नव्हती. उजवीकडचा रकाना कोरा होता. चार प्रश्नांत चारही ठिकाणी कोरा.

कारणाला निम्मे मार्क असतात. मी निम्मे कापले. मग तिला स्टाफरूमबाहेर बोलावलं.

"अगं, विधानं सगळी बरोबर आहेत. कारणं का नाही लिहिलीस?"

ती पेपरातल्या कोऱ्या रकान्याकडे पाहत होती.

"येत नाहीत असं नाही. कारण माहीत नसेल तर पुढची पायरी सुचत नाही. तुला माहीत आहेत."

"आप बता दीजिए, सर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मैं लिख लूँगी."

मी तिला म्हणायला हवं होतं, की नाही, तू सांग. तास संपेपर्यंत, दिवस संपेपर्यंत थांबायला हवं होतं. ते पत्र खोटं होतं, वाक्य तुझं होतं, आणि इतकं चांगलं वाक्य माझ्या वर्गात दुसऱ्या कोणी लिहिलं नाही, हे तरी तिला तोंडानं सांगायला हवं होतं. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही, मी ते सांगितलं नाही. बोर्डाच्या परीक्षेला सतरा दिवस उरले होते आणि निम्मे मार्क जात होते.

तिनं वही उघडली, उजवीकडे रेघ मारली. मी पहिल्या विधानाचं कारण सांगितलं. तिनं ते लिहिलं. मी दुसरं सांगितलं.